एक चार्ट, तीन फ्रेमवर्क: वेब कंपोनंट नेमकं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या एका आंबा संस्थेची तीन ॲप्स आहेत: कचेरीतलं जुनं अँग्युलर, बागायतदारांच्या मोबाईलसाठी रिॲक्ट १८, आणि पॅकिंग शेडमधल्या टॅबलेटवर व्ह्यू ३. रोजची आवक आणि पेटीचा दर दाखवणारा एकच चार्ट तिन्हीकडे हवा होता, म्हणून तो वेब कंपोनंट, म्हणजे कोणत्याही पानात वापरता येणारा स्वतःचा एचटीएमएल टॅग, करून लिहिला. आत चार्ट काढणारी चार्ट जेएस ही लायब्ररी, वरून शॅडो डॉम, म्हणजे कंपोनंटचा आतला भाग पानापासून वेगळा ठेवणारी भिंत. आता अँग्युलरमध्ये चार्ट येतो, पण त्यावर माउस फिरवला की पान जड होतं. रिॲक्टमध्ये नुसती रिकामी चौकट. व्ह्यूमध्ये पहिल्यांदा बरोबर दिसतो, पण नवी नोंद पडली तरी रेघ हलत नाही. सीझन तोंडावर आहे. तेव्हा कंपोनंट परत लिहायचं, रिॲक्ट १९ वर जायचं, की तीन ठिकाणी तीन चार्ट लिहून मोकळं व्हायचं?

तुमच्या चार्टमध्ये बहुधा काही चुकलेलं नाही. तिन्ही दुखणी चार्टच्या बाहेर, त्याच्या आणि फ्रेमवर्कच्या शिवेवर आहेत. वेब कंपोनंट कुठेही चालतं म्हणजे ब्राउझरला तो टॅग कळतो, एवढंच. क्रोम आणि सफारीत हे २०१६-१७ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१८ साली ६३ व्या आवृत्तीत आलं, आणि जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर गेल्यावर ब्राउझरचा प्रश्न मिटला. पण ब्राउझरला टॅग कळणं वेगळं आणि फ्रेमवर्कने त्या टॅगच्या हातात माल नीट देणं वेगळं. बटण, बॅज असल्या कंपोनंटना दोन शब्द दिले की काम भागतं, त्यामुळे तिथे हे कधी जाणवत नाही. चार्टला ॲरे द्यावा लागतो आणि तिथेच सगळं उघडं पडतं.

आधी रिॲक्टची रिकामी चौकट बघू. एचटीएमएलच्या ॲट्रिब्यूटमध्ये मजकुराशिवाय काही मावत नाही. जावास्क्रिप्टची प्रॉपर्टी मात्र काहीही धरते: ॲरे, तारीख, फंक्शन. रिॲक्ट १८ पर्यंत कस्टम टॅगला दिलेला प्रत्येक प्रॉप (बाहेरून दिलेली किंमत) ॲट्रिब्यूट म्हणूनच जातो. तुम्ही ‘डेटा’ नावाने आवकेच्या नोंदींचा ॲरे दिला, रिॲक्टने त्याचा मजकूर केला. डेव्हटूल्समध्ये एलिमेंट्स उघडून तुमच्या टॅगवर बघा. डेटाच्या पुढे चौकटी कंसात ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’, स्वल्पविराम, परत ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’, जितक्या नोंदी तितक्यांदा, असं दिसेल. ते दिसलं की निदान झालं. चार्ट बिचारा त्यातून काय काढणार?

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो डेटाचा जेसन, म्हणजे मजकूर, करून पाठवण्याचा. बाहेर स्ट्रिंगिफाय, आत पार्स, आणि तिन्ही फ्रेमवर्कमध्ये चालतं! मी यापासून लांब राहायला सांगेन, आणि कारण वेगाचं नाही, तारखेचं आहे. समजा तुमच्या नोंदीत १४ एप्रिलची तारीख भारतीय वेळेच्या मध्यरात्रीची म्हणून आहे. जेसन करताना ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जाते, म्हणजे साडेपाच तास मागे: १३ एप्रिल, संध्याकाळचे १८:३०. आत कोणीतरी अक्षाच्या लेबलासाठी त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून घेतली की १४ तारखेची आवक १३ तारखेला जाऊन बसते. चार्ट सुरेख दिसतो, कोणतीही एरर नाही, फक्त सगळा सीझन एक दिवस मागे. बागायतदार स्वतःच्या वहीशी ताडून बघतो तेव्हाच हे सापडतं. शिवाय ‘अनडिफाइंड’ असलेली किल्ली जेसनमध्ये गळून पडते आणि ‘नॅन’चं ‘नल’ होतं. म्हणजे आवक नोंदवलीच नाही म्हणून ठेवलेला ‘नल’ आणि बिघडलेल्या आकड्याचा ‘नॅन’, या दोन वेगळ्या गोष्टींची ओळख तिथेच पुसली जाते.

तेव्हा नियम असा ठेवा: ॲट्रिब्यूटमधून फक्त साधी माहिती, जसं चार्टचा प्रकार, उंची, भाषा. ॲरे आणि ऑब्जेक्ट कायम प्रॉपर्टीतून.

रिॲक्ट १८ मध्ये याचा अर्थ एक छोटा रॅपर, टॅगला गुंडाळणारं रिॲक्ट कंपोनंट. टॅगला रेफ (त्या एलिमेंटचा थेट धागा) लावायचा, आणि इफेक्टमध्ये, म्हणजे रेंडरनंतर चालणाऱ्या कोडमध्ये, त्या रेफवर डेटा प्रॉपर्टी थेट बसवायची. मी इथे युज-लेआउट-इफेक्ट वापरतो, म्हणजे रिकामी चौकट क्षणभर चमकत नाही. रिॲक्ट १९, जे ५ डिसेंबर २०२४ ला स्थिर म्हणून आलं, ते शहाणं झालंय. त्या नावाची प्रॉपर्टी एलिमेंटवर असेल तर प्रॉपर्टी बसवतं, नसेल तर ॲट्रिब्यूट. व्ह्यू ३ सुद्धा असंच तपासून ठरवतं, म्हणूनच तुमचा चार्ट तिथे पहिल्या फटक्यात दिसला.

पण या तपासणीतच एक खाच आहे, आणि ती कोकणात जास्त टोचते. कंपोनंटची स्क्रिप्ट पोचायच्या आधी फ्रेमवर्कने टॅग काढला तर त्या क्षणी तो टॅग म्हणजे एक बिनओळखीचा साधा एलिमेंट असतो. त्यावर डेटा नावाची प्रॉपर्टी नसते. मग रिॲक्ट १९ आणि व्ह्यू दोघेही ॲट्रिब्यूटच्या वाटेने जातात, आणि परत तेच ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’. कचेरीत फायबरवर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही. लांजा-राजापूरच्या आतल्या वाडीत, जिथे फोनवर एक दांडी येते आणि जाते, तिथे रोज दिसेल, आणि तक्रार येईल ती ‘कधी चार्ट येतो कधी नाही’ अशी. डेव्हटूल्समधलं नेटवर्क थ्रॉटलिंग लावून, कॅश बंद करून पान उघडा म्हणजे टेबलावरच हे घडवून बघता येईल.

अँग्युलरमध्ये याचं भावंड भेटतं. तिथे चौकटी कंसातलं बाइंडिंग न विचारता प्रॉपर्टीच बसवतं, जे चांगलंच आहे. पण कंपोनंटची व्याख्या आलेली नसताना ती प्रॉपर्टी थेट त्या एलिमेंटच्या अंगावर बसते. नंतर क्लास येतो, एलिमेंट अपग्रेड होतं, आणि क्लासमधला सेटर (प्रॉपर्टी बसवली की चालणारं फंक्शन) त्या अंगावरच्या प्रॉपर्टीखाली झाकला जातो. डेटा आहे, पण सेटर कधी चाललाच नाही, म्हणून चार्ट नाही. उपाय कंपोनंटच्या आत करायचा. कनेक्टेड-कॉलबॅक (टॅग पानात जोडला की चालणारं फंक्शन) चालला की प्रत्येक प्रॉपर्टीसाठी बघायचं, ती एलिमेंटच्या स्वतःच्या अंगावर आहे का? असेल तर किंमत बाजूला काढून ठेवायची, अंगावरची प्रॉपर्टी डिलीट करायची, आणि तीच किंमत परत बसवायची, म्हणजे या वेळी ती सेटरमधून जाते. चार ओळींचं काम. लिट ही वेब कंपोनंट लिहिण्याची लायब्ररी वापरत असाल तर ती हे आपणहून करते. हाताने कस्टम एलिमेंट लिहिणाऱ्यांच्या कोडमध्ये या चार ओळी क्वचितच दिसतात.

रिॲक्ट १९ आणि व्ह्यूसाठी वेगळं: कंपोनंटची फाइल चार्ट काढायच्या आधी इम्पोर्ट झालेली असेल याची खात्री करा. व्ह्यूमध्ये बाइंडिंगच्या नावाआधी टिंब देऊन ‘हे प्रॉपर्टीच’ असं बजावता येतं. ते द्या. आणि व्ह्यूच्या कंपायलर पर्यायांत हा टॅग कस्टम एलिमेंट आहे हे सांगून ठेवा, नाहीतर तो स्वतःचं कंपोनंट शोधत बसतो आणि कन्सोल इशाऱ्यांनी भरतो.

आता व्ह्यूमधली न हलणारी रेघ. तुम्ही नवी नोंद आली की त्याच ॲरेत पुश करत असणार. व्ह्यूच्या स्वतःच्या टेम्प्लेटमध्ये हे चालतं, कारण तिथे ॲरे प्रॉक्सी, म्हणजे बदलांवर नजर ठेवणारं आवरण, असतो आणि व्ह्यूला बदल कळतो. पण तुमच्या टॅगला तो ॲरे एक किंमत म्हणून जातो. व्ह्यू जुना आणि नवा ॲरे ताडून बघतं, दोन्ही एकच वस्तू, म्हणून सेटरला हाकच मारत नाही. अँग्युलरही ओळखच बघतं. रिॲक्टमध्ये लोकांना नवा ॲरे करायची सवय असते, म्हणून तिथे ही तक्रार येत नाही. कंपोनंटचा करार स्पष्ट लिहा: डेटा बदलला की नवा ॲरे द्या. आणि शेडमधल्या टॅबलेटसारखं, जिथे दर काही सेकंदांनी वजनकाट्यावरून नोंद येते तिथे, दर वेळी अख्खा ॲरे फिरवण्यापेक्षा ‘एक नोंद जोड’ अशी सरळ मेथड कंपोनंटवर ठेवा.

प्रॉक्सीची आणखी एक गोम आहे. व्ह्यूचा खोलवर रिॲक्टिव्ह ॲरे आत चार्ट जेएसच्या हाती गेला की प्रत्येक बिंदू वाचताना प्रॉक्सीतून जावं लागतं. त्यात चार्ट जेएस स्वतः मिळालेल्या ॲरेवर आपली खूण बसवून पुश-पॉपवर पहारा ठेवतं. दोन लायब्ऱ्या एकाच ॲरेवर नजर ठेवून बसल्या की काय होईल याचा अंदाज बांधत बसू नका. व्ह्यूच्या बाजूला शॅलो-रेफ वापरा, जो आतल्या नोंदींवर प्रॉक्सी चढवत नाही, आणि कंपोनंटच्या आत मिळालेल्या ॲरेची स्वतःची प्रत काढून तीच चार्ट जेएसला द्या. आवकेच्या शे-दीडशे नोंदींना हा फरक कळणारही नाही. पण हाच कंपोनंट उद्या कोणी भरती-ओहोटीसाठी वापरला, दर दहा मिनिटांची पातळी, महिनाभराची, तर ४,३२० बिंदू होतात, आणि स्वस्त टॅबलेटवर तेव्हा तो कळतो. (तिथे बिंदू गाळताना प्रत्येक दहावा ठेवून बाकीचे टाकू नका. उधाणाच्या भरतीचा नेमका माथाच गळून पडतो, आणि मच्छीमाराला बघायचा असतो तोच. चार्ट जेएसच्या डेसिमेशनमध्ये, म्हणजे बिंदू गाळण्याच्या सोयीत, मिन-मॅक्स पर्याय आहे, तो घ्या.)

उलट्या बाजूचं दुखणं रिॲक्टमध्ये येतं. रंग, अक्ष, लेजंड यांचे पर्याय जेएसएक्समध्ये जागच्या जागी ऑब्जेक्ट लिहून दिले की प्रत्येक रेंडरला नवा ऑब्जेक्ट तयार होतो. सेटरला वाटतं पर्याय बदलले, चार्ट पाडून पुन्हा बांधला जातो, ॲनिमेशन शून्यापासून सुरू होतं. वर शोधपेटीत कोणी एक अक्षर टाइप केलं तरी खाली चार्ट उड्या मारतो. बाहेर युज-मेमो लावून तोच ऑब्जेक्ट जपायला सांगता येतं, पण दुसऱ्याच्या शिस्तीवर कंपोनंट उभं करू नये. आत दोन गोष्टी करा. पर्याय खरंच बदलले का ते वरवर ताडून बघा. आणि सेटरमध्ये लगेच चित्र काढू नका. ‘काढायचंय’ अशी खूण करून मायक्रोटास्कवर, म्हणजे चालू कोड संपल्यावर लगेच येणाऱ्या कामांत, ढकला. फ्रेमवर्क डेटा, प्रकार आणि पर्याय एकामागून एक बसवतं, त्यांची तीन चित्रं न होता एकच होतं. लिट हे फुकटात देतं, आणि चार्टसाठी मी लिटकडे झुकतो त्याचं हे मोठं कारण आहे.

अँग्युलरमधलं जड पान हे झोन जेएसचं, म्हणजे पानात काही घडलं की अँग्युलरला कळवणाऱ्या लायब्ररीचं, काम. अँग्युलर झोनमध्ये असताना लावलेला प्रत्येक लिसनर, प्रत्येक ॲनिमेशन फ्रेम झोनच्या नजरेखाली येते. तुमचा टॅग अँग्युलरने काढला, कनेक्टेड-कॉलबॅक तिथल्या तिथे चालला, त्यात चार्ट जेएसने कॅनव्हासवर माउसमूव्ह लावला. झालं. आता माउस जरा हलला की अख्ख्या ॲपचं चेंज डिटेक्शन, म्हणजे कुठे काय बदललं याची तपासणी. कचेरीतल्या पानावर चारशे ओळींचं टेबल असेल तर ते प्रत्येक हालचालीला तपासलं जातं. चार्टचा यात दोष नाही आणि चार्टच्या आतून हे नीट सोडवताही येत नाही, कारण कंपोनंटला अँग्युलर माहीत असण्याचं कारण नाही. अँग्युलरच्या बाजूला एक डायरेक्टिव्ह किंवा छोटं कंपोनंट लिहा, आणि रन-आउटसाइड-अँग्युलरच्या आत टॅग हाताने तयार करून जोडा. तेवढा वेळ नसेल तर झोन लोड व्हायच्या आधी, न-पॅचायच्या इव्हेंटच्या यादीत माउसमूव्ह टाकून द्या. ती यादी सगळ्या ॲपला लागू होते हे लक्षात ठेवा. नव्या अँग्युलरमध्ये झोनच काढून टाकता येतो, पण जुन्या ॲपमध्ये ते काम चार्टच्या निमित्ताने काढू नका.

अँग्युलरमध्ये कस्टम टॅग चालावा म्हणून जो स्कीमा लावावा लागतो तो लावलेल्या घटकात हायफन असलेल्या प्रत्येक टॅगची तपासणी बंद होते. तुमच्याच एखाद्या अँग्युलर घटकाचं नाव चुकलं तरी बिल्ड हिरवा, पानावर मोकळी जागा. म्हणून तो स्कीमा त्या एका रॅपरपुरताच ठेवा.

बाहेर येणाऱ्या इव्हेंट्स. बागायतदाराने एखाद्या दिवसाच्या खांबावर बोट ठेवलं की त्या दिवसाचा तपशील उघडायचा, एवढं बहुधा पुरतं. कस्टम इव्हेंट पाठवताना ‘बबल्स’ (वरच्या एलिमेंटपर्यंत चढणं) आणि ‘कंपोज्ड’ (शॅडो डॉमबाहेर जाणं) दोन्ही खरे ठेवा. आतल्या कॅनव्हासवरून पाठवत असाल तर कंपोज्डशिवाय तो शॅडो डॉमच्या उंबऱ्यातच थांबतो. नाव सगळं लहान लिपीत, मधे मोठं अक्षर नको. रिॲक्ट १८ ला कस्टम इव्हेंट कळतच नाहीत, तिथे रेफवर लिसनर हाताने लावायचा आणि इफेक्ट आवरताना काढायचा. रिॲक्ट १९ मध्ये ‘ऑन’च्या पुढे इव्हेंटचं नाव जसंच्या तसं लावलं की झालं. अँग्युलर आणि व्ह्यू पहिल्यापासून ऐकतात.

आणि इव्हेंटला ‘चेंज’, ‘सिलेक्ट’, ‘लोड’ अशी ब्राउझरची नावं देऊ नका. वर कुठे फॉर्म असेल तर तो तुमच्या चार्टचा चेंज आपला समजून धावतो. प्रॉपर्टीच्या नावांचंही तसंच. चार्टच्या मथळ्याला ‘टायटल’ हे नाव फार सहज सुचतं. पण ती एचटीएमएलची जागतिक प्रॉपर्टी आहे. चार्टवर माउस थांबला की ब्राउझरची स्वतःची पट्टी उगवते आणि तुमच्या सुंदर टूलटिपच्या डोक्यावर बसते. ‘हेडिंग’ म्हणा, काहीही म्हणा. टॅगच्या नावात हायफन सक्तीचा आणि पहिलं अक्षर रोमन लहान लिपीतलंच लागतं. गंमत म्हणजे पुढची अक्षरं देवनागरी चालतात. पण करू नका, टीममधल्या दुसऱ्याला टाइप करायचं असतं.

आता मराठी चार्टचा खास भाग, जो इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. कॅनव्हासवरचा मजकूर एकदा रंगला की रंगला. तुम्ही मुक्तासारखा वेबफॉन्ट वापरलात आणि तो यायच्या आत चार्ट निघाला, तर लेबलं फोनच्या मूळ देवनागरी फॉन्टात निघतात आणि फॉन्ट आल्यावरही तशीच राहतात. पानावरचा मजकूर बदलतो, चार्ट नाही. म्हणून काढण्यापूर्वी डॉक्युमेंटच्या फॉन्ट संचाला तो फॉन्ट लोड करायला सांगून थांबावं लागतं. इथे एक बारकावा आहे. त्या लोड मेथडला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून नमुन्याचा मजकूर देता येतो, आणि तो दिला नाही तर ती एक मोकळी जागा धरते. वेबफॉन्ट लिपीनुसार तुकड्यांत येत असेल तर मोकळ्या जागेसाठी लॅटिन तुकडा येतो, देवनागरी नाही. प्रॉमिस सुटतं, तुम्हाला वाटतं फॉन्ट आला, आणि ‘रत्नागिरी’ मात्र जुन्याच वळणात. नमुना म्हणून एखादं देवनागरी अक्षर द्या. आणि फॉन्ट-फेसचा नियम शॅडो डॉमच्या आतल्या स्टाइलमध्ये लिहून चालत नाही, तो मुख्य पानावरच लागतो. म्हणजे तिन्ही ॲप्सना तो आपापल्या पानावर घालावा लागेल. तसं कागदपत्रात लिहून ठेवा.

रंगांचंही असंच. सीएसएसचे व्हेरिएबल शॅडो डॉमच्या आत पोचतात, म्हणून संस्थेचे रंग तिथूनच द्यावेत. पण कॅनव्हासला ‘व्हार’ लिहिलेला रंग कळत नाही. तो निमूटपणे दुर्लक्ष करतो आणि आधीचाच रंग चालू ठेवतो. आधी होस्ट एलिमेंटवर गेट-कम्प्युटेड-स्टाइल चालवून खरी किंमत काढा, मग चार्टला द्या.

लांब गावांची नावं अक्षावर मावत नाहीत म्हणून कोणी पहिली तीन अक्षरं कापतो. ‘रत्नागिरी’चं ‘रत्’ होतं, पाय मोडलेलं. कापायचंच तर ब्राउझरचा इंटल सेगमेंटर, जो पूर्ण अक्षरं ओळखतो, तो वापरून कापा. आकड्यांसाठी भाषा मराठी-भारत दिली की इंटल आपोआप देवनागरी अंक आणि लाखाची विभागणी देतं: १,२५,०००. कचेरीत कोणाला इंग्रजी अंक हवे असतील तर भाषेचा कोड बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा, आत पक्का करू नका. आणि अक्षावर पेट्या न मोजता डझन मोजा. पेटी चार डझनांचीही असते आणि सहा डझनांचीही. दोन बागायतदारांचे खांब शेजारी ठेवले की तुलना खोटी पडते. हा फ्रेमवर्कचा मुद्दा नाही, पण चार्ट बघणाऱ्याला फ्रेमवर्कशी देणंघेणं नसतं.

रेघेची गोलाई वाढवताना जपून. आवक शून्यावर असलेल्या दिवशी गोलाई असलेली रेघ शून्याच्या खाली झुकते आणि उणे आंबे दाखवते. मोनोटोन इंटरपोलेशन लावा.

आता जगणं-मरणं. कनेक्टेड-कॉलबॅक एकदाच चालतो असं धरू नका. यादीचा क्रम बदलला, टॅग इकडून तिकडे हलला, की डिसकनेक्टेड आणि लगेच कनेक्टेड, दोन्ही परत चालतात. डिसकनेक्ट झाल्या झाल्या चार्ट नष्ट केला तर नुसत्या हलवण्याने तो पुन्हा बांधला जातो. नष्टच केला नाही तर पानं बदलत गेल्यावर मेमरी भरत जाते. डिसकनेक्ट झाल्यावर मायक्रोटास्कभर थांबा, एलिमेंट अजून जोडलेलं नसेल तरच नष्ट करा. पानातल्या मिटलेल्या टॅबमध्ये काढलेल्या चार्टची रुंदी शून्य निघते, तेव्हा रिसाइझ ऑब्झर्व्हरने जागा मिळाल्यावरच पहिलं चित्र काढा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मागाहून विचाराल. कचेरीच्या पानात दुसऱ्या टीमचा तुकडा बसवलात आणि त्यातही हेच कंपोनंट असेल, तर एकच नाव दोनदा नोंदवल्याची एरर येते आणि ती स्क्रिप्ट तिथेच मरते. नोंदवण्यापूर्वी ते नाव घेतलेलं आहे का बघा. पण तेवढ्याने आवृत्त्यांचं भांडण मिटत नाही. जो आधी पोचला त्याचीच आवृत्ती सगळ्यांना. करार बदलणारी आवृत्ती काढलीत तर टॅगच्या नावातच आकडा घाला.

सर्व्हरवर रेंडर करत असाल तर नोडमध्ये एचटीएमएल-एलिमेंट हा क्लासच नसतो, त्यामुळे कंपोनंटची फाइल वर इम्पोर्ट केली की बिल्ड कोसळतो. नेक्स्ट या रिॲक्टवरच्या फ्रेमवर्कमध्ये ‘युज क्लायंट’ लिहूनही सुटका नाही, कारण तो कोड पहिल्यांदा सर्व्हरवरही चालतो. इम्पोर्ट इफेक्टच्या आत घ्या. टाइपस्क्रिप्टमध्ये रिॲक्ट १९ ने जागतिक जेएसएक्स नेमस्पेस काढला, तेव्हा टॅगचे टाइप रिॲक्टच्या मॉड्यूलमध्ये घालावे लागतात.

टॅगच्या आत, मुलं म्हणून, एक साधं टेबल ठेवा: तारीख, डझन, दर. स्क्रिप्ट यायच्या आधी ब्राउझर तेच दाखवतो, म्हणजे दांडी गेलेल्या फोनवर बागायतदाराला निदान आकडे तरी मिळतात. चार्ट आला की शॅडो डॉम त्याला झाकतो. ते स्लॉटमध्ये (शॅडो डॉममधल्या मुलांच्या जागेत) घेऊन फक्त डोळ्यांपासून लपवलंत तर स्क्रीन रीडरलाही तेच वाचता येतं; नुसता कॅनव्हास त्याला कोरा असतो. बाहेरच्या मथळ्याच्या आयडीने आतल्या कॅनव्हासला नाव द्यायला जाऊ नका, आयडी शॅडो डॉमची शीव ओलांडत नाही.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. तीन चार्ट लिहू नका. दराचा हिशेब तीन ठिकाणी तीन तऱ्हेने होऊ लागेल. एकच ॲप असतं तर मी उलट सांगितलं असतं, वेब कंपोनंटच्या नादी न लागता त्या फ्रेमवर्कचं साधं रॅपर घ्या. तिघांसाठी मात्र हा रस्ता बरोबर आहे. सीझनमध्ये रिॲक्ट १९ वर जाऊ नका. मोबाईल ॲपमध्ये रेफवाला रॅपर लिहा, एक दिवसाचं काम आहे, आणि सगळ्या ॲपने टॅग थेट न वापरता त्या रॅपरमधूनच वापरावा. पावसाळ्यात, शेड बंद असताना, अपग्रेड करा. तेव्हा रॅपरच्या आतला रेफ आणि लिसनर काढून टाकायचे, फाइलचं नाव आणि प्रॉप्स तेच ठेवायचे, म्हणजे बाकीच्या पानांना हात लावावा लागणार नाही. अँग्युलरचा रॅपर झोन असेपर्यंत राहील. व्ह्यूला रॅपर नको, टिंब आणि शॅलो-रेफ पुरे.